क्रूझर घ्यायचीय? आधी जुन्या गाड्या आठवा

क्रूझर, म्हणजे पाय पुढे ठेवून निवांत बसून चालवायची मोटारसायकल, घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: ॲव्हरेज किती आणि ऑन रोड किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण उत्तरं कळली तरी गाडी निवडता येत नाही. क्रूझरमध्ये इंजिन, वजन, चाकं, हँडल हे सगळं बसण्याच्या एका विशिष्ट पद्धतीभोवती रचलेलं असतं. ती पद्धत तुमच्या कमरेला आणि तुमच्या रोजच्या रस्त्याला मानवेल का, हे कंपनीच्या तक्त्यात सापडत नाही. ते आजवर चालवलेल्या गाड्यांनी तुम्हाला केव्हाच सांगून ठेवलेलं असतं. म्हणून पहिल्यांदा क्रूझर घेणाऱ्यांना माझं सांगणं असतं की तुलना शोरूममध्ये सुरू करू नका, घरी बसून करा.

पहिली पायरी: वही

तुम्ही नेमाने चालवलेल्या सगळ्या गाड्या एका कागदावर लिहून काढा. वडिलांची राजदूत, काकांची एम-५०, कॉलेजातली स्प्लेंडर, घरातली स्कूटर, जे असेल ते. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा. लांबच्या प्रवासात आधी काय दुखायचं: मनगट, मान, कंबर की माकडहाड? मागे कोण बसायचं, आणि किती वेळाने "जरा थांबव की" म्हणायचं? कुठल्या गिअरात, कुठल्या वेगाला ती गाडी सगळ्यात निवांत वाटायची? आणि ती विकली तेव्हा नेमकी कशाची हळहळ वाटली?

चौथ्या प्रश्नाला घाई करू नका. लोक पटकन "आवाज" म्हणतात, पण थोडा वेळ दिला की खरं कारण वर येतं.

माझंच सांगतो. आमच्या घरी येझ्दी रोडकिंग होती. किक आणि गिअरचा दांडा एकच, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. ती गेल्यावर मला आवाजाइतकीच आठवण यायची ती रिकाम्या रस्त्यावर तिच्या हलक्या, सरळ धावण्याची. मग बजाजची ॲव्हेंजर २२० आली. तिच्यावर दोन्ही तळपाय सपाट टेकायचे, आणि मागे बसणाऱ्या आईला पाठीला टेकू मिळायचा. आई त्या गाडीवर कोल्हापूरला आनंदाने यायची. आधीच्या गाड्यांवर ती गावाच्या वेशीपर्यंतही कुरकुरत यायची. त्यानंतरची रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५० म्हणजे २० लिटरची टाकी. साताऱ्याहून कुंभार्ली घाट उतरून रत्नागिरी करून परत आलं तरी वाटेत पंप शोधावा लागत नसे, आणि चौथ्या गिअरात कमी आरपीएमवर (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं तो आकडा) ती चढ ओढत राहायची.

तिन्ही गाड्यांचं एकत्र वाचलं तेव्हा माझी यादी तयार झाली: पाय टेकणारी सीट, मागच्याला टेकू, खालच्या आरपीएमला ओढ, मोठी टाकी. कमाल वेग त्यात कुठेच नव्हता. तुमची यादी वेगळी निघेल आणि निघायलाच हवी. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत ती खिशात ठेवा.

दुसरी पायरी: क्रूझर कोणती आणि कोणती नाही

शोरूममध्ये गोल दिवा आणि क्रोमची टाकी असलेली प्रत्येक गाडी क्रूझर म्हणून दाखवतात. क्लासिक ३५०, होंडाची हायनेस, टीव्हीएसची रोनिन, हार्लेची एक्स ४४० या चांगल्या गाड्या आहेत, पण त्यांना क्रूझर म्हणणं बरोबर नाही. खरी खूण पायांत आहे. क्रूझरचे फूटरेस्ट सीटच्या पुढे असतात, सीट खाली असते, हँडल तुमच्याकडे वळलेलं असतं, पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) जास्त तिरका असतो आणि दोन चाकांमधलं अंतर लांब असतं. स्प्लेंडरचा व्हीलबेस १२३६ मिमी आहे, रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० चा १४०० आणि सुपर मीटिऑर ६५० चा १५००. या लांबीमुळे सरळ रस्त्यावर गाडी स्वतःहून सरळ राहते. त्याच लांबीमुळे गल्लीत यू-टर्न घेताना दोनदा मागे-पुढे करावं लागतं.

ही रचना अमेरिकेतल्या लांब, सरळ महामार्गांवर घडली. आपल्याकडे ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली २००१ मध्ये, बजाज आणि कावासाकीच्या १७५ सीसी एलिमिनेटरमुळे. पाठोपाठ यामाहाची १२५ सीसी एन्टायसर आली, २००२ मध्ये थंडरबर्ड, २००५ मध्ये ॲव्हेंजर १८०. पुढे २०११ मध्ये ह्योसंगची ६७८ सीसीची एसटी७ आपल्या वाईत जोडली जाऊन विकली गेली, याचं आम्हा सातारकरांना अजून अप्रूप आहे.

आता आपल्या रस्त्यांचं. क्रूझरला साजेसे लांब, सरळ, गुळगुळीत रस्ते महाराष्ट्रात आहेत, पण त्यातले सगळ्यात चांगले आपल्याला बंद आहेत. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही बंदी. म्हणजे आपली क्रूझर चालणार कुठे? पुणे-सातारा-कोल्हापूर महामार्गावर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, कोकणात उतरणाऱ्या घाटांत आणि गावोगावच्या गतिरोधकांवर. कॅलिफोर्नियातल्या व्हिडिओवर भाळून गाडी घेऊ नका. ताम्हिणी किंवा वरंधा घाट डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

तिसरी पायरी: नुसतं बसा

गाडी चालू न करता दहा मिनिटं बसा. विक्रेत्याला सांगा, घाई नाही. घरी वापरता तेच बूट घालून जा.

सीटची उंची सगळ्यांना माहीत असते, पण नुसता आकडा फसवतो. मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिमी, ॲव्हेंजरची ७३७, सुपर मीटिऑरची ७४०, कावासाकी व्हल्कन एसची ७०५ आणि २०२५ मध्ये आपल्याकडे आलेल्या होंडा रेबेल ५०० ची ६९०. स्प्लेंडरची ७८५ आहे. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि खालची सीटसुद्धा उंच भासते. म्हणून दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात का ते बघा, आणि टेकलेल्या पायांनी गाडी दोन पावलं मागे ढकलून पाहा. उंची कमी असलेल्यांना, विशेषतः बेताच्या उंचीच्या मुलींना, क्रूझरसारखी सोयीची मोठी गाडी नाही. माझ्या भाचीला दोन शोरूममध्ये "तुला झेपणार नाही" असं ऐकवलं गेलं. ती आज ३५० सीसीची क्रूझर घेऊन रोज ऑफिसला जाते. सीट खाली असली की वजनाला माणूस घाबरत नाही.

मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. बाहेरचा हात ताणला जाऊन खांदा पुढे ओढला जात असेल, तर यू-टर्नला त्रास होणार. पाय फूटरेस्टवर ठेवून ब्रेकचं पॅडल घोटा न उचलता दाबता येतं का ते बघा. टाच आणि चवडा दोन्हींनी पाडायचा गिअर असेल, तर तुमच्या पायाच्या मापाला तो बसतो का हे पाहायला विसरू नका. व्हल्कन एसला फूटरेस्ट पुढे-मागे बसवून घेण्याची सोय आहे. बाकीच्यांत जे आहे ते स्वीकारावं लागतं.

आणि माकडहाड. पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार ढुंगणावर येतो. साध्या गाडीवर खड्डा आला की आपण फूटरेस्टवर जरा उठतो. क्रूझरवर तसं उठता येत नाही. त्यात मागच्या शॉकअपला हालचाल कमी. वहीत कमरेच्या किंवा मणक्याच्या दुखण्याची नोंद असेल तर इथे थांबून नीट विचार करा. गादी बदलून घेऊ, जेल टाकून घेऊ, हे नंतरचे उपाय. आधी पाय पुढे ठेवून बसणं तुमच्या पाठीला मानवतंय का, ते पाहा.

चौथी पायरी: कुठले आकडे वाचायचे

बीएचपी, म्हणजे इंजिनाची कमाल ताकद, सोडा. क्रूझरचा आत्मा टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरात आहे, आणि टॉर्क किती यापेक्षा तो कितव्या आरपीएमला मिळतो हे महत्त्वाचं. ॲव्हेंजर २२० आणि मीटिऑर ३५० यांची ताकद जवळजवळ सारखी आहे, १९ आणि २० पीएसच्या आसपास. पण ॲव्हेंजरचा १७.५ एनएम टॉर्क ७००० आरपीएमला येतो, मीटिऑरचा २७ एनएम ४००० ला. कारण इंजिनाच्या घडणीत आहे. ॲव्हेंजरचं इंजिन पल्सरच्या घराण्यातलं. त्याच्या सिलिंडरचा व्यास ६७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ६२.४ मिमी. ते वेगाने फिरायला आवडणारं इंजिन आहे. मीटिऑरचा व्यास ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिमी. लांब स्ट्रोकचं इंजिन हळू फिरतं पण जोर लावतं. खंबाटकी चढताना एकापाठोपाठ दोन गिअर पाडायचे आहेत की त्याच गिअरात धडधडत चढायचं आहे, हे तुमच्या वहीतल्या तिसऱ्या उत्तरावर ठरवा. पुढे निघून जायला आवडत असेल तर ॲव्हेंजर हलकी आहे, १६३ किलोंच्या आसपास, आणि शहरात ती फार मजेत वळते.

वजन दुसरा आकडा. मीटिऑर १९१ किलो, सुपर मीटिऑर २४१. चालताना हा फरक जाणवत नाही. पार्किंगमध्ये, चिखलात, पंक्चर झाल्यावर जाणवतो. सोसायटीच्या रॅम्पवर २४१ किलो उलटं ढकलायची वेळ रोज येणार असेल, तर तो प्रश्न आजच सोडवा. कावासाकीची नवी एलिमिनेटर (४५१ सीसी, २०२४ पासून भारतात) ताकदीने सुपर मीटिऑरच्या जवळ असूनही १७६ किलोंची आहे. ज्यांना मोठी पण हलकी क्रूझर हवी त्यांनी ती बघावीच.

तिसरा आकडा जमिनीपासूनची उंची. मीटिऑर १७० मिमी, ॲव्हेंजर १६९, सुपर मीटिऑर १३५. गावाकडे मातीचे, बेढब गतिरोधक असतील आणि मागे माणूस बसणार असेल, तर १३५ हा आकडा गांभीर्याने घ्या. शक्यतो तुमच्याच गावातल्या एखाद्या सुपर मीटिऑरवाल्याला गाठा आणि विचारा. गाडीवाले गाडीबद्दल बोलायला नेहमी तयार असतात.

टाकी, टायर यांचं थोडक्यात. टाकी १३ लिटर की १५ की २०, यावर कोकणातला प्रवास ठरतो. अलॉय चाकं असतील तर टायर ट्यूबलेस मिळतो, पंक्चर जागच्या जागी निघतं. ट्यूब असलेल्या तारांच्या चाकाचं पंक्चर म्हणजे चाक खोलणं आलं. ॲव्हेंजरसारखं मागे १५ इंची जाड चाक असेल, तर त्याचा टायर प्रत्येक छोट्या गावात मिळेलच असं नाही. लांबच्या प्रवासाआधी टायर बदलून निघा.

मोठं इंजिन हवंच का, या प्रश्नाचं माझं उत्तर बहुतेकांसाठी "नाही" असं आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे, आणि ३५० सीसीची क्रूझर तो वेग दिवसभर सुखाने राखते. ६५० ची दोन सिलिंडरची इंजिनं अप्रतिम गुळगुळीत चालतात, दोघं आणि सामान घेऊन चढावर त्यांचा जीव वर येत नाही. पण शहरातल्या सिग्नलला मांडीला गरम लागतं आणि खर्चही वाढतो.

पाचवी पायरी: ट्रायल

शोरूमच्या भोवती एक चक्कर मारणं म्हणजे ट्रायल नव्हे. आधीच फोन करून अर्धा तास मागून घ्या, आणि मार्ग स्वतः ठरवा: थोडा खराब रस्ता, एखादा गतिरोधक, एक चढ, एक यू-टर्न. तिसऱ्या गिअरात वेग ३० वर आणून गिअर न पाडता थ्रॉटल द्या. गाडी आचके देते की शांतपणे ओढते? हीच क्रूझरची परीक्षा. पुढे मोकळ्या रस्त्यावर ७० ला स्थिर ठेवा आणि आरसे पाहा. मागचं चित्र थरथरतंय का? हँडल आणि फूटरेस्टला मुंग्या येतात का?

ब्रेक लावून पाहा, दोन्ही. क्रूझरचा भार मागे असल्याने मागचा ब्रेक इतर गाड्यांपेक्षा जास्त काम करतो, पण थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच करतो. दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी सोय) आहे की फक्त पुढच्याला, हे विचारा. नुसतं "एबीएस आहे" यावर समाधान मानू नका.

एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, दोन्ही गाड्या लागोपाठ चालवल्या तरच तुलना होते. सोमवारी एक आणि पुढच्या रविवारी दुसरी चालवली की मधल्या काळात मन आवडत्या गाडीकडे झुकतं.

मागच्या सीटवरचं माणूस

याला पायरीचा क्रमांक देत नाही, कारण हे प्रत्येक पायरीत आहे. बायको, नवरा, आई, मूल, जे कोणी नेहमी मागे बसणार त्यांना ट्रायलला न्या. क्रूझरची मागची सीट बहुधा लहान, चाकाच्या बरोबर वर असते आणि प्रत्येक खड्डा तिथे थेट पोचतो. जावा पेराकसारख्या बॉबरला तर एकाच माणसाची सीट असते. दिसायला देखणी, पण घरात एकच गाडी असेल तर घेऊ नका. साडी नेसून एका बाजूला बसणारं कोणी असेल तर साडीगार्ड, पायाला आधार आणि सायलेन्सरची बाजू नीट बघा. पाठीचा टेकू वेगळा बसवून मिळतो, तो पहिल्याच दिवशी बसवा.

किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. मीटिऑरचं इंजिन ३४९ सीसीचं, म्हणून ती स्वस्त झाली. ६५० आणि तिच्या वरच्या महागल्या. त्याआधीचे लेख वाचून बजेट आखू नका. आपल्याकडे रस्ता करसुद्धा सीसीप्रमाणे वाढतो. कोटेशन मागताना एक्स-शोरूम, कर, विमा आणि ॲक्सेसरीज वेगळ्या ओळींत लिहून घ्या. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. लेगगार्ड, टेकू आणि सॅडलबॅगसाठी काही रक्कम राखून ठेवा, आणि त्याआधी आयएसआय खुणेचं चांगलं हेल्मेट घ्या. दोन माणसं तर दोन हेल्मेट.

जुनी घ्यायची असेल तर

आठवणीतलीच गाडी परत मिळवावी असं अनेकांना वाटतं, आणि मला ती इच्छा मनापासून पटते. फक्त आठवण बाजूला ठेवून फिटरला बरोबर न्या. इंजिन गार असताना गाडी पाहायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड झाल्यावर पुन्हा सुरू करायला सांगा. पुढच्या फोर्कच्या सीलमधून ऑइल झिरपतंय का, हँडल मध्यावर अडकतंय का (म्हणजे कोनसेट, हँडलचं बेअरिंग, गेलं), टाकीत आतून गंज आहे का, हे बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गाडी कमी चालली असली तरी जुना टायर बदलावाच लागतो.

फार जुनी बुलेट पाहत असाल तर लक्षात घ्या, तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. रिकाम्या मैदानावर सवय होईपर्यंत तिला रहदारीत आणू नका.

कागदात चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही विचारा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं फेरपासिंग आणि पर्यावरण कर धरूनच भाव ठरवा.

पहिले काही दिवस

नवी गाडी ताब्यात आली की पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत एकाच वेगात तासन्‌तास पळवू नका, वेग खालीवर ठेवा आणि इंजिन ताणू नका. एका सकाळी मोकळ्या मैदानावर जाऊन यू-टर्न घोटा: पहिला गिअर, क्लच अर्धवट, मागचा ब्रेक हलका दाबलेला, आणि नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचं तिथे. दोन्ही बाजूंना जमेपर्यंत करा, कारण डावीकडे जमलं म्हणून उजवीकडे जमतंच असं नसतं.

घाटात वळणाआधी वेग कमी करा, वळणात नाही. क्रूझरचा फूटरेस्ट इतर गाड्यांच्या आधी जमिनीला घासतो. तसा आवाज आला तर दचकून ब्रेक दाबू नका, पुढच्या वळणाला कमी वेगाने शिरा. लांबच्या प्रवासात तासाभराने उतरून पाच मिनिटं चाला, दुखायला लागायच्या आधीच.

गाडी लावताना तिचं तोंड कधी उताराकडे किंवा भिंतीकडे ठेवू नका, नाहीतर निघताना सगळं वजन चढावर मागे ओढावं लागतं. चढाकडे तोंड करून, पहिल्या गिअरात टाकून साइड स्टँड लावा, म्हणजे निघताना ती आपसूक मागे सरकते. पावसाळ्यात, ओल्या मातीत स्टँडखाली एखादी चपटी फरशी टाका.